एका शब्दाचं शुद्धिपत्र

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, मुन्शीजी, जुने शब्द, विचित्र गिऱ्हाइकं, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. मी हो म्हटलं. गमतीपासूनच सुरुवात करतो. पुढंही हलकंच राहील याची हमी मात्र माझ्याकडून घेऊ नका.

माझा धंदा असा की, निजामाच्या राज्यातले जुने कागद वाचायचे आणि त्यांचं मराठी करून द्यायचं. आमच्या मराठवाड्यात पणजोबांचा कागद निघाला की तो मोडीत तरी असतो नाही तर उर्दूत. आणि ती उर्दूही छापील नव्हे, घाईघाईनं लिहिलेली, निम्मी टिंबं गाळलेली. त्या लेखनाला शिकस्ता म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेली. मोडीचं नावही मोडण्यावरूनच आलं असं म्हणतात. तेव्हा बेचाळीस वर्षं मी दोन मोडक्या लिप्यांवर पोट भरलं. गुलमंडीच्या मागं एका झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल होतं. शेताची वाटणी निघाली, वारस लावायचा झाला, की नातू पणजोबाचा कागद घेऊन यायचा आणि बहुतेक वेळा उलटा धरून माझ्यापुढं ठेवायचा. मी तो आधी सुलटा करायचो. निम्मं काम तिथंच झालं असं गिऱ्हाइकाला वाटायचं.

ही विद्या वडलांकडून आली. आम्ही छावणीतले, बौद्ध. वडील उर्दू शाळेत शिकले आणि तहसिलीत नकलनवीस झाले, म्हणजे दिवसभर कागदांच्या नकला उतरवायच्या. त्यांनी मला एकच नियम शिकवला. शब्द अडला तर तो आहे तसा ठेवायचा, खाली त्याचा अर्थ द्यायचा, आणि तोही माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायचं. अंदाज लिहायचा नाही. भाषांतराच्या तळाशी मी 'मूळ कागदाबरहुकूम खरे' असं लिहून सही करायचो, ती या नियमाच्या भरवशावर. कोर्ट, तहसील, भावकी, सगळे त्या सहीवर विश्वास ठेवायचे. मूळ कागद वाचता येणारं दुसरं कुणी त्यांच्यात नसायचंच.

फर्दापूरचा एक हॉटेलवाला एकदा लेण्यांच्या बाजूला सापडलेला कागद घेऊन आला. मला कानात सांगितलं की हा गुप्तधनाचा नकाशा आहे आणि दुकानातल्या पोराला बाहेर पाठवा. मी वाचला. शेजाऱ्याच्या शेळीनं वाळत घातलेला पटका खाल्ला, अशी तहसीलदाराकडं केलेली तक्रार होती ती, चांगली दीड पानाची. शेळीचा रंगही दिलेला. हॉटेलवाल्याला मी सावकाश अर्थ सांगितला तर तो म्हणाला, यात काही तरी खूण असणार, शेळी म्हणजे दुसरंच काही असणार. माझ्यावर रुसून गेला बिचारा. मला मात्र त्या कागदात एक शब्द मिळाला. शेजाऱ्याला त्यात 'हमसाया' म्हटलं होतं. हम म्हणजे एकच, बरोबरीचा. साया म्हणजे सावली. एका सावलीत राहणारे ते शेजारी. शेळी प्रकरणानंतर त्या दोघांत किती सावली उरली असेल देव जाणे.

असे शब्द मी एका वहीत उतरवून ठेवायचो. कुठल्या कागदात सापडला, अर्थ काय, मूळ काय. हे सगळं वहीच्या पुढच्या बाजूनं. वही उलटी करून मागच्या बाजूनंही मी काही शब्द लिहायचो. ते कुणाला दाखवत नसे.

मागच्या बाजूला काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. मी पुरुष आहे आणि माझा जीव पुरुषावरच जडतो, हे मला विशीत कळलं होतं. त्यासाठी आमच्या आळीत जे शब्द होते ते शिव्यांचे. शब्दांत राहणारा माणूस मी. मला वाटायचं, एवढी जुनी भाषा, एवढे कागद, कुठं तरी आमच्यासाठी बरा शब्द असेल. म्हणून शोधत राहिलो. सरळ शब्द सापडला नाही की जवळपासचे गोळा करायचे. बहिणीला 'हमशीरा' म्हणतात, एकाच दुधावर वाढलेली. साडूला फारसीत 'हमजुल्फ' म्हणतात, म्हणजे एकाच केसांच्या बटेचे दोघं. दोन साडवांसाठी एवढा नाजूक शब्द, आणि आमच्यासाठी म्हणे शब्दच नाही. मला त्याचा खरोखर राग यायचा. जुन्या बायकी उर्दूत 'दुगाना' आहे. एका कवचात दोन गर निघालेला बदाम दोन मैत्रिणींनी वाटून खाल्ला की त्या एकमेकींच्या दुगाना झाल्या, मग त्यांच्यामध्ये कुणी यायचं नाही. संस्कृतात बायकोसाठी भार्या स्त्रीलिंगी आहे, दार पुल्लिंगी आहे आणि कलत्र चक्क नपुंसकलिंगी. एका बायकोला तिन्ही लिंगं देणारी माणसं आमच्या वेळी एवढी कंजूष का झाली, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला होता.

एकदा रोशनगुरू माझ्या टेबलाशी आल्या. तृतीयपंथीयांच्या एका डेऱ्याच्या त्या गुरू. दुकानात झेरॉक्स काढायला आलेली माणसं लगेच सरकली. त्यांच्या गुरूच्या गुरूच्या गुरूनं सरकारला दिलेला अर्ज होता आणि त्यात अर्जदाराच्या नावापुढं 'ख्वाजासरा' लिहिलं होतं. मी सांगितलं, ख्वाजा म्हणजे स्वामी आणि सरा म्हणजे महाल, महालाचा कारभार पाहणारा. बाईंनी मला तीनदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या, डेऱ्यात लावते. मी लिहून दिलं. कागद घडी घालता घालता त्यांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "सब के लफ्जां निकालते तुम. तुम्हारा कौनसा है?"

मी टेबलावरचा दुसरा कागद पुढं ओढला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या एवढं आठवतं. त्या बाईंना जे दिसलं ते इतरांनाही दिसत असेल का, या काळजीत पुढचे कित्येक दिवस गेले.

तेव्हा मी आणि अरुण एका घरात राहायला लागून बरीच वर्षं झाली होती. अरुण शाळेत गणित शिकवायचा. घरमालकाला, शेजाऱ्यांना, दोघांच्या नातेवाइकांना आम्ही एकमेकांचे रूमपार्टनर म्हणून सांगितलेलं. पंचविशीत ते शोभतं. चाळिशीच्या पुढं दोन माणसं रूमपार्टनर म्हणायला लागली की ऐकणारा जरा थांबतो, पण विचारत नाही. त्या न विचारण्यावर आमचं घर उभं होतं. कायदाही तेव्हा आमच्या बाजूचा नव्हता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. त्याच सुमाराला, म्हणजे वीस वर्षांपूर्वी, शेंद्र्याकडचे एक अण्णा माझ्याकडं आले. मोठे शेतकरी, गावची पाटीलकी त्यांच्याच घरात. बरोबर भावकीतले चौघं. त्यांच्या शेताचा एक तुकडा कारखान्यांच्या वसाहतीत जाणार होता. त्या तुकड्यात जुन्या विहिरीजवळ दोन ओटे होते. आमच्याकडं घरातलं मोठं माणूस गेलं की कधी कधी शेतात त्याच्या नावानं दगडांचा ओटा बांधतात. त्यातला एक अण्णांच्या आजोबांचे थोरले भाऊ रंगराव यांचा. दुसरा कुणाचा ते भावकीला ठाऊक नव्हतं. ओटे हलवायचे तर कुठले हलवायचे, हे ठरवायला रंगरावांचं मृत्युपत्र काढलं होतं, आणि ते होतं शिकस्त्यात.

मी मोठ्यानं वाचायला लागलो. लिहिणारा कातिब कसबी होता, पण घाईत. दुसऱ्या परिच्छेदात मी थांबलो. तिथं असं होतं की, लिंबाजी हा माझा हमखाना. आम्ही बत्तीस वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो. माझ्यामागं त्याला या घरातून कुणी उठवू नये, आणि तो गेला म्हणजे त्याचा ओटा माझ्या ओट्याशेजारी बांधावा.

हमखाना. खाना म्हणजे घर, दवाखाना-कारखान्यातला. एका घरातला, घरचा सोबती. जुन्या कोशात या शब्दापुढं नवरा आणि बायको हेही अर्थ दिलेले आहेत. मी आयुष्यभर जो शब्द शोधत होतो तो माझ्या टेबलावर होता, आणि तो कुणी कवीनं लिहिला नव्हता. शेंद्र्याच्या एका पाटलानं सरकारी कागदावर, साक्षीदारांच्या सह्यांसकट लिहून ठेवला होता. समोर पाच माणसं बसलेली, पाचही जणांची नजर माझ्या तोंडाकडं.

'लिंबाजी हा माझा' एवढं वाचून मी थांबलेला पाहून अण्णा म्हणाले, "लिंबाजी म्हंजी घरगडीच आसंल की. नाय का?"

नियम सोपा होता. शब्द तसाच ठेवायचा, खाली अर्थ द्यायचा. मी मान वर केली असती आणि म्हटलं असतं की नाही, गडी नाही, तर पुढचा प्रश्न आला असता की मग कोण? आणि ते सांगताना माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असतं याची मला खात्री नव्हती. रोशनगुरूंची नजर आठवली. मी म्हटलं, हो, घरगडीच. आणि तसं लिहिलं. खाली सही केली, मूळ कागदाबरहुकूम खरे.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जाते. लिंबाजीच्या नावाला आडनाव नव्हतं, बापाचं नाव नव्हतं. त्या काळच्या कागदांत आमच्या समाजातल्या माणसांची नावं अशीच यायची. माझ्या आजोबांना गावात कुणाचा तरी गडी म्हणूनच ओळखत. त्यातून बाहेर पडायला वडील शिकले, मला शिकवलं. आणि ज्याला पाटलानं स्वतः बरोबरीचा म्हणून लिहून ठेवलं होतं, त्याला मी, त्याच विद्येच्या जोरावर, पुन्हा गडी करून टाकलं.

संध्याकाळी घरी गेलो तर अरुण मेथी निवडत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं हातातली जुडी खाली ठेवली.

"उद्या माझ्याबद्दल कुणी विचारलं तर काय सांगशील?" तो म्हणाला. "गडी?"

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला, तेही दूध संपलंय एवढंच. भावकीनं रंगरावांचा ओटा विधिपूर्वक मळ्यात हलवला. गड्याचा ओटा तिथंच राहू द्या असं ठरलं. वसाहतीचा रस्ता पुढं थोडा वळला म्हणून तो वाचला, एकटाच, रस्त्याच्या कडेला. मी कधी तिकडं गेलो नाही. शेंद्र्याहून एखादा कागद आला की त्या दिवशी माझं काम बिघडायचं.

गेल्या वर्षी मी टेबल बंद केलं. डोळे साथ देत नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक मुलगी पत्ता शोधत घरी आली. पल्लवी, अण्णांची नात, शेंद्र्याच्याच एका कारखान्यात इंजिनिअर. हातात माझ्या भाषांतराची झेरॉक्स. म्हणाली, रस्त्याकडेच्या त्या पट्ट्यावर आता कंपाउंडची भिंत येतेय, दहा दिवसांत मशीन येणार आहे, ओटा जाणार. तिनं जुने कागद काढून वाचले आणि तिला एक गोष्ट पटेना.

"काका, तुम्ही इथं लिहिलंय घरगडी. आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय, एका ताटात जेवलो. त्या काळात पाटलाच्या ताटात गडी जेवत होता का?"

मी एकच शब्द खोटा लिहिला होता आणि बाकी सगळा कागद इमानदारीनं उतरवला होता. वीस वर्षांत कोर्टाच्या, तहसिलीच्या, वकिलांच्या कुणाच्या लक्षात आलं नाही ते या पोरीनं एका वाचनात धरलं. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. मी तिला शब्द सांगितला, अर्थ सांगितला. तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, मला पटलं, पण भावकी तोंडी ऐकायची नाही, ती कागद मागणार, सहीचा.

सहीचा कागद म्हणजे शुद्धिपत्र. बेचाळीस वर्षांत माझ्यावर ते द्यायची वेळ आली नव्हती. मुन्शीनं एक शब्द खोटा लिहिला हे एकदा बाहेर पडलं की माझ्या सहीचा प्रत्येक कागद संशयाचा. किती तरी घरांचे निकाल त्या सहीवर लागलेले. शिवाय लोक विचारणार, का लिहिला? मी पल्लवीला म्हटलं, उद्या ये. ती गेल्यावर अरुणला सांगायची गरज नव्हती, तो आतल्या खोलीत सगळं ऐकत होता. चहाचे कप उचलत तो एवढंच म्हणाला की तू लिही, अण्णांकडं जाताना मी बरोबर येतो.

मी लिहिलं. चार ओळींना सकाळ गेली. 'पूर्वीच्या भाषांतरात हमखाना या शब्दासाठी मी घरगडी असे लिहिले. ते चूक आहे. हमखाना म्हणजे एका घरात राहणारा, जन्माचा सोबती. वाचताना माझी चूक झाली नव्हती. लिहिताना मी ती केली.' खाली सही, आणि मूळ कागदाबरहुकूम खरे.

अण्णा आता ऐंशीच्या घरात. ओसरीवर खुर्चीत बसले होते. पल्लवीनं कागद हातात दिला. त्यांनी चष्मा लावून अक्षर अक्षर वाचला आणि मांडीवर ठेवला. मग विचारलं की ह्ये तवाच का नाय लिवलं. मी म्हटलं, "अण्णा, भ्यालो होतो. तो शब्द खरा सांगितला तर तुम्हाला माझंही कळेल असं वाटलं. हे अरुण. आम्ही एकतीस वर्षं एका घरात आहोत."

अण्णांनी अरुणकडं पाहिलं, मग अंगणाकडं. पल्लवी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"लिंबाजीबाबाचं मला ठाऊक व्हतं," अण्णा म्हणाले. "आजी अवसेला दोन्ही वट्यांवर निवद ठिवायची. एक थोरल्या बाबाचा, एक धाकल्या बाबाचा. मी ल्हान व्हतो, तिच्यासंगं जायाचो."

मी विचारलं, मग त्या दिवशी भावकीसमोर तुम्ही घरगडीच असेल असं का म्हणालात?

"भावकी बसली व्हती. माझ्या तोंडून निघंना. तुम्ही शिकलेले, कागद तुमच्या हातात. म्हटलं, ह्यो माणूस तरी नाय म्हनंल."

वीस वर्षं मी समजत होतो की मी पाच माणसांना घाबरून खोटं बोललो. त्यातला एक जण माझ्याच तोंडाकडं आशेनं बघत होता. दोघंही एकमेकांच्या भरवशावर बसून राहिलो आणि मध्ये लिंबाजी गडी झाला. मला तिथंच रडू आलं. अरुणनं माझ्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांदेखत, आणि तो काढून घेतला नाही.

मशीन यायच्या दोन दिवस आधी ओटा हलवला. एका बाजूचे दगड कुणी तरी बांधाला नेले होते, तेवढे नवे बसवावे लागले. मळ्यात रंगरावांच्या ओट्याला लागून जागा साफ केलेली. भावकी आली होती, बायका आल्या होत्या, निवदाची दोन ताटं आली होती. पल्लवी दगडांवर पाणी शिंपडत होती. अण्णांचा एक पुतण्या पुण्याहून आलेला, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं की अण्णा, हा दुसरा ओटा कुणाचा म्हणायचा?

कामाला लागलेली माणसं थांबली. अण्णांनी काठीवर भार देऊन मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं.

"मुन्शी, सांगा," ते म्हणाले. "ह्या खेपंला नीट सांगा."

अरुण माझ्या शेजारीच उभा होता. मी सांगितलं.